उजव्याची साक्ष डाव्याने द्यायची

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनीने बोटाएवढी काचेची नळी द्रव नायट्रोजनमध्ये धरली होती. उणे १९६ अंश. आतलं मिश्रण गोठलं की पंपाने हवा ओढायची, मग वितळू द्यायचं, विरघळलेले वायू बुडबुड्यांवाटे सुटले की पुन्हा गोठवायचं. शेवटी नळीची मान ज्योतीवर वितळवून सील केली आणि नळी १२० अंशांच्या ओव्हनमध्ये गेली. तीन दिवस.

बाहेर येते ती लालसर पावडर. तिला इथे 'सीओएफ' म्हणतात: सेंद्रिय रेणूंची थरावर थर रचलेली जाळी, आत नॅनोमीटरभर रुंदीची छिद्रं. अशी पहिली जाळी ओमर याघींच्या गटाने २००५ मध्ये जाहीर केली. ती दमट हवेतही टिकत नसे. उकळत्या पाण्याला आणि आम्लाला पुरून उरणारी जाळी २०१२ मध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) राहुल बॅनर्जींच्या गटाने बनवली.

खरी गंमत नळीतल्या तिसऱ्या घटकात आहे. जाळीचे दोन्ही मूळ रेणू ना डावे ना उजवे. सोबत एक 'काइरल', म्हणजे डावं किंवा उजवं रूप असलेलं, अमाइन घालतात. ते आधी जागा धरतं, मग खऱ्या जोडीदाराला ती सोडून धुण्यात निघून जातं. त्याने दिलेला पीळ मात्र जाळीत राहतो.

हा पीळ हवा कशाला? वर्तुळी ध्रुवित प्रकाशात विद्युतक्षेत्राची दिशा फिरत फिरत पुढे जाते, डावीकडे किंवा उजवीकडे. थ्रीडी सिनेमाचे बरेच चष्मे त्यावरच चालतात, पण नुसत्या डोळ्याला किंवा कॅमेऱ्याला हा भेद कळत नाही. पदार्थालाच तो कळला, तर पुढचे फिल्टर वाचतील. २०१३ मध्ये लंडनमध्ये पिळदार हेलिसीन रेणूंच्या ट्रान्झिस्टरने हे करून दाखवलं होतं.

अडचण मापाची आहे. प्रकाशाचा एक वेढा शेकडो नॅनोमीटरचा, रेणू जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा. त्याला तो वेढा जाणवणार किती? सुट्या सेंद्रिय रेणूंत डाव्या-उजव्या शोषणातला फरक बहुधा हजारात एक भाग, किंवा त्याहून कमी. त्यामुळे इथला बराचसा वेळ स्वतःच्याच आकड्यावर संशय घेण्यात जातो, आणि माझ्या मते या कामातली हुशारी तिथेच आहे.

पावडरीऐवजी काचेवर वाढवलेली त्याच जाळीची फिल्म लेसरसमोर बसवली. प्रकाशाला डावं किंवा उजवं वळण देणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट एकीकडे ४५ अंश, मग दुसरीकडे ४५ अंश, फिल्ममधला विद्युतप्रवाह बदलला. कोणी खूश झालं नाही. विरुद्ध हाताच्या अमाइनने बनवलेल्या फिल्मने तेवढाच, पण उलटा फरक दाखवायला हवा. दोन्ही हातांचं समप्रमाण मिश्रण वापरलेल्या फिल्मने शून्य. आणि एखादी फिल्म पाठपोट फिरवली तर उत्तर बदलता कामा नये. फिल्ममधले कण एका दिशेने झुकलेले असले की खोटा फरक दिसतो. फिल्म उलटताच त्याचं चिन्ह उलटतं.

त्या दिवशी पहिल्या दोन कसोट्या पार पडल्या, तिसरीत आकडा घसरला. दोन्ही बाजूंची सरासरी घेतल्यावर फरक निम्म्याहून कमी उरला. गाईड म्हणाले, "हाच आपला." मग फिल्म अधिक एकसारखी कशी वाढवता येईल, यावर बोलणं सुरू झालं.