बिनतारी अंतरमापन व पेटंटाची परीक्षा

दोन बिनतारी यंत्रें परस्परांमधील अंतर कसें जाणतात? एक यंत्र संदेश धाडतें, दुसरें उत्तर देतें. एकूण वेळांतून उत्तरास झालेला विलंब वजा करून बाकीच्या निम्म्यास रेडिओलहरीच्या वेगानें गुणिलें कीं अंतर निघतें. ही लहर सेकंदाच्या अब्जांशांत सुमारें ३० सेंटिमीटर जाते; म्हणून घड्याळाची यत्किंचित् चूकही फसवते.

ती टाळण्याची युक्ति ज्यास सुचते, तो पेटंट मागतो. भारतांत १९७० च्या कायद्यान्वयें परीक्षक पाहतो कीं, युक्ति नवी आहे काय, जाणकारास सहज सुचण्याजोगी तर नाहीं ना, आणि उद्योगांत उपयोगी आहे काय. नुसतें गणित पात्र ठरत नाहीं. हक्क अर्जापासून २० वर्षें टिकतो. पण त्यासाठीं युक्ति जगास उघड करावी लागते. विद्यार्थिमित्रहो, ज्ञान लपविणारास नव्हे, तें सांगणारासच हें संरक्षण आहे.