डावा भाग, उजवा भाग आणि माप

चप्पल घालताना डावी कोणती, उजवी कोणती हे आपण न बघताही ओळखतो. डावी चप्पल कितीही फिरवली, तरी ती उजव्या पायात नीट बसायची नाही. यंत्रांतही अशा जोड्या पुष्कळ असतात. एक भाग म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. आकार तोच, मापं तीच. पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. असे भाग कागदावर कसे मांडावेत, हे आज पाहू. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानाला आणि शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाला, दोन्हीकडे याचा उपयोग आहे.

समजा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका एका आडव्या सळईवर उघडतो. सळई धरण्यासाठी ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना लोखंडी अँगलचा एकेक तुकडा लावायचा आहे. तुकड्याची लांबी १०० मिलिमीटर. त्याची एक बाजू तळावर आडवी, आत वळलेली; दुसरी उभी. उभ्या बाजूला सळईचं भोक आहे.

कारखान्यात अशा वेळी बहुधा एकाच तुकड्याचं, समजा उजव्याचं, चित्र काढतात आणि खाली लिहितात, ‘दाखविलेला भाग उजवा. डावा भाग आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे.’ दोन्ही भागांना क्रमांक मात्र वेगळे द्यावेत. नाहीतर दोन नग मागवले की दोन्ही उजवेच हाती येतात!

आता भोकाचं माप. ‘डाव्या कडेपासून ३० मिलिमीटर’ असं कधी लिहू नये. उजव्या तुकड्याकडे बाहेरून पाहिलं तर त्याची मागची कड आपल्या डाव्या हाताला येते. डाव्या तुकड्याची मागची कड उजव्या हाताला. कारागिरानं दोन्हींवर डावीकडून पट्टी लावली, तर डाव्या तुकड्याचं भोक मागच्या कडेपासून ३० ऐवजी ७० मिलिमीटरवर पडेल. चूक झाली ४० मिलिमीटरची, आणि लोखंड गेलं भंगारात. म्हणून ‘मागच्या कडेपासून ३०’ असं लिहावं. डावं-उजवं आरशात बदलतं. मागची कड मागेच राहते.

पुढचा प्रश्न सुटीचा. कुठलंही माप अगदी काटेकोर येत नाही, म्हणून थोडी सूट देतात. भोक कडेकडे सरकलं तर तिथं लोखंड कमी उरतं आणि कड फाटण्याची भीती असते. म्हणून इथं सूट एकाच अंगाला दिली : अधिक ०.५, उणे शून्य. म्हणजे ३० ते ३०.५ पर्यंत चालेल. मग डाव्या भागासाठी अधिकाचं उणे करायचं का? मुळीच नाही! अधिक म्हणजे ‘उजवीकडे’ नव्हे. अधिक म्हणजे माप मोठं. दोन्ही तुकड्यांना तीच सूट लागू. चिन्ह उलटं केलं, तर एक भोक ३०.५ वर आणि दुसरं २९.५ वर पडू शकेल. अर्ध्याऐवजी एक मिलिमीटरचा फरक! घट्ट बसवलेली सळई मग तिरपी जाते, फाळका अडतो.

काही गोष्टी आरशाप्रमाणे उलटायच्या नसतात. भागावर कोरलेली अक्षरं आणि आकडे सरळच राहिले पाहिजेत. बोल्टचे आटेही तसेच. आरशात उजवे आटे डावे दिसतात, पण नेहमीचा नट बसायचा तर दोन्ही भागांवर आटे उजवेच हवेत. ते चित्रावर स्पष्ट लिहावं. मुद्दाम डावे हवे असतील तर तेही लिहावं. सायकल पाहा ना! उजव्या पॅडलचे आटे उजवे आणि डाव्याचे डावे असतात, ते पाय मारता मारता पॅडल सैल होऊ नये म्हणून.

शिक्षकांनी एक प्रयोग करून घ्यावा. जाड कागदाचे दोन तुकडे काटकोनात दुमडून डावा-उजवा अँगल करायला सांगावं. निम्म्या मुलांना ‘डाव्या कडेपासून’ माप द्यावं, निम्म्यांना ‘मागच्या कडेपासून’. मग दोन्ही भोकांतून पेन्सिल घालून पाहावी. माप आणि सूट लिहिण्याचे नियम भारतीय मानक ब्यूरोच्या शाळा-महाविद्यालयांसाठी असलेल्या ‘एसपी ४६’ या २००३ सालच्या पुस्तिकेत मिळतील.

आणि दुकानात जोडीचं काम सांगताना प्रत्येकानं एवढं विचारावं : माप कुठल्या कडेपासून, आणि काय उलटायचं नाही?