डीप फ्रीझरला बिअरचे नळ

डीप फ्रीझर बनवलेला असतो उणे १८ अंशांसाठी. बिअर साधारण उणे २ अंशांच्या आसपास गोठायला लागते. म्हणजे बिअर ठेवायला हे यंत्र मुळात गैरसोयीचंच. तरीही अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्यांच्या गॅरेजांत आणि तळघरांत ते सर्रास दिसतं: पांढरी आडवी पेटी, झाकणाखाली लाकडाचा रुंद पट्टा आणि पट्ट्यातून बाहेर आलेले तीन-चार चकचकीत नळ. तिथे त्याला ‘कीझर’ म्हणतात. उभ्या फ्रिजलाही नळ बसवता येतात, पण आडव्या पेटीत ऐवज जास्त मावतो आणि झाकण उघडलं की थंड हवा पायाशी सांडून जात नाही.

हा उद्योग तिथेच का फोफावला, याचं एक कारण कायद्यात आहे. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला नाही. ती मिळायला १९७८ उजाडलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सही केलेल्या कायद्याने घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन बिअर स्वतःपुरती, कर न भरता बनवायला परवानगी दिली. विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे वेगळे, त्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत हे २०१३ पर्यंत बेकायदाच होतं. महाराष्ट्रात आजही परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे; इथल्या वाचकाने पुढचा मजकूर यंत्राच्या कुतूहलापोटीच वाचावा.

दुसरं कारण शीतपेयांच्या धंद्याचं. कोक-पेप्सीचं सरबत पूर्वी हॉटेलांना स्टीलच्या उंच, अरुंद टाक्यांतून जायचं. पुढे ते खोक्यातल्या पिशव्यांतून जाऊ लागलं आणि या टाक्यांचे ढीग स्वस्तात बाजारात आले. ‘कॉर्नेलियस’ नावाने ओळखला जाणारा हा केग ५ गॅलनचा, म्हणजे जवळपास १९ लिटरचा. वर मोठं झाकण, त्यातून हात आत घालून घासता येतं. डोक्यावर दोन तोंडं: एकाखाली आखूड नळी, तिथून वायू आत शिरतो, दुसऱ्याखाली तळापर्यंत जाणारी लांब नळी, तिच्यातून बिअर वर चढते. वायू बिअरच्या पृष्ठभागावर दाब देतो, बिअर तळातून निघते. पंप नाही, मोटर नाही.

फ्रीझर विकत घेण्याआधी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून दुकानात न्याव्यात आणि तळाशी मांडून पाहाव्यात. केगचा व्यास साडेआठ ते नऊ इंच. शिवाय पेटीच्या एका बाजूला कॉम्प्रेसरवरचा उंचवटा असतो, तो जागा खातो. उंचवट्यावर वायूचा सिलिंडर उभा राहतो. सात घनफुटांच्या पेटीत साधारण तीन-चार केग बसतात, पण कंपनीगणिक आतला आकार बदलतो, म्हणून चकत्यांवरच विश्वास ठेवावा.

आता लाकडी पट्टा. फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडून नळ बसवला की झालं, असं प्रथम वाटतं. तसं करू नये. आडव्या फ्रीझरच्या भिंतींच्या आत शीतकाच्या नळ्या फिरवलेल्या असतात. ड्रिलचं टोक एका नळीला लागलं की फ्रीझर भंगारात. नव्या अनेक फ्रीझरांत आयसोब्युटेन भरलेलं असतं आणि ते पेट घेतं, म्हणजे नुकसान पैशांपुरतं राहीलच असं नाही. म्हणून पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडाची चौकट बसवायची आणि भोकं त्या चौकटीला पाडायची. अमेरिकेत ‘दोन बाय सहा’ नावाची फळी वापरतात (प्रत्यक्षात ती दीड बाय साडेपाच इंच भरते, अमेरिकन लाकूडबाजाराची ही जुनी रीत). चौकटीमुळे आतली उंचीही वाढते, केगच्या डोक्यावरच्या जोडण्यांना ती लागतेच. आतल्या अंगाला इन्सुलेशनचा फोम, सांध्यांना सिलिकॉन, खाली रबरी पट्टी.

चौकट पेटीला चिकटवावी की झाकणाला, यावर हौशी मंडळींत बरेच वाद होतात. मला झाकणाला जोडलेली बरी वाटते. झाकण उचललं की चौकट, नळ सगळंच वर जातं आणि केग पेटीच्या मूळ काठावरूनच आत सोडता येतो. भरलेला केग २३ किलोच्या घरात जातो. आणखी साडेपाच इंच उंच उचलायचा म्हटलं की कंबर हिशेब मागते. अट एकच, नळ्या थोड्या सैल ठेवाव्या लागतात. आणि फ्रीझरच्या बिजागऱ्यांत ताठ स्प्रिंग असते, ती सोडवताना तोंड जवळ नेऊ नये.

फ्रीझरला ३-४ अंशांवर थांबवायचं काम बाहेरचा तापमान-नियंत्रक करतो. फ्रीझरची पिन नियंत्रकात, नियंत्रकाची पिन भिंतीत. फ्रीझरचा स्वतःचा खटका सर्वांत थंडवर ठेवून विसरून जायचं. नियंत्रकाची संवेदक तार केगच्या पोटाला मध्यावर चिकटवून वर फोमचा तुकडा लावावा. ती हवेत लोंबकळत ठेवली तर झाकण उघडताच हवा तापते, कॉम्प्रेसर सुरू होतो, हवा लगेच गार होते, कॉम्प्रेसर बंद होतो. ही उघडझाप त्याचं आयुष्य कमी करते. बिअर मात्र सावकाश तापते आणि सावकाश निवते. शिवाय कॉम्प्रेसर बंद झाल्यावर तीन ते पाच मिनिटं तरी पुन्हा सुरू होऊ नये, अशी सोय बहुतेक नियंत्रकांत असते. ती वापरावी.

वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. घरगुती वापराच्या ५ पौंडी सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो, घरच्या एलपीजीसारखाच. म्हणून सिलिंडरच्या दाबाचा काटा किती वायू उरलाय हे सांगत नाही. द्रव शिल्लक आहे तोवर २१ अंशांच्या खोलीत काटा ८५० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) आसपास उभा राहतो; सिलिंडर फ्रीझरमध्ये ठेवला की तो ५५०पर्यंत उतरतो आणि नवखा माणूस ‘वायू गळतोय’ म्हणून घाबरतो. उरलेला वायू मोजायचा तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा. तो नेहमी उभाच असावा, आडवा पडला तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो.

रेग्युलेटर हा प्रचंड दाब १०-१२ पीएसआयवर आणतो. इथे सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. थंड द्रवात वायू जास्त विरघळतो, गरम द्रवात कमी. साडेतीन अंशांना १२ पीएसआय ठेवले तर काही काळाने बिअर आपल्या आकारमानाच्या सुमारे अडीचपट वायू धरून ठेवते. बहुतेक एल जातीच्या बिअरला तेवढा पुरतो. तोच दाब २० अंशांना ठेवला तर जेमतेम दीडपट. तापमान आणि दाब हे दोन आकडे ठरले की बिअरमधला वायू ठरला. एक-दोन आठवडे हात न लावता तसंच ठेवलं की काम होतं. केग हलवून, दाब वाढवून एका दिवसातही उरकता येतं, पण त्यात वायू जास्त होण्याचा धोका आहे आणि जास्तीचा वायू काढणं कटकटीचं.

मग ग्लासात नुसता फेस का येतो? नव्याने बांधणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि जवळजवळ प्रत्येकजण पहिल्यांदा एकच उपाय करतो: दाब कमी करतो. हा उपाय उलटा आहे. बिअरमध्ये अडीचपट वायू आहे आणि वरचा दाब ५ पीएसआय केला, तर वायू बिअरबाहेर पडू पाहतो. नळीतच त्याचे बुडबुडे धरतात आणि नळातून आधीपेक्षा जास्त फेस येतो. आठवडाभरात बिअर मिळमिळीत होते ती वेगळीच. दाब जागच्या जागी ठेवायचा आणि तो वाटेत, नळीच्या घर्षणात खर्च करायचा. नळाशी पोचेपर्यंत १२ पीएसआयमधले जवळपास सगळे संपले पाहिजेत, म्हणजे बिअर उसळत नाही, वाहते.

त्यासाठी नळी बारीक हवी, आतून ३/१६ इंच, आणि लांब. पुस्तकी हिशेब फुटाला ३ पीएसआय धरतो, म्हणजे चार फूट पुरायला हवी. घरच्या मांडणीत चार फुटांवर बहुधा फेसाचा फवाराच मिळतो; लोक शेवटी आठ-दहा फुटांवर येतात. सुरुवात दहा फुटांनी करावी. धार फारच मंद वाटली तर फूटभर कापता येते, कापलेली जोडता येत नाही. ग्लास भरायला आठ-दहा सेकंद लागली तर नळी योग्य.

तरीही पहिलाच ग्लास फेसाळ आणि दुसरा ठीक, असं होत असेल तर दोष नळीच्या लांबीत नाही, हवेत आहे. पेटीत थंड हवा तळाशी बसते आणि वर, नेमकी जिथे नळ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात तिथे, ती काही अंशांनी ऊबदार राहते. त्या ऊबदार नळीत थांबलेली बिअर वायू सोडते. उपाय फार स्वस्त आहे: जुन्या संगणकातला छोटा पंखा तळाची हवा वर फेकायला लावायचा. तो अखंड चालू द्यावा. ३-४ अंशांना हवेतलं पाणी बर्फ न होता भिंतींवर ओघळतं आणि कोपऱ्यात बुरशी धरते, म्हणून ओलावा शोषणारा डबाही आत असावा.

गळतीकडे मात्र थट्टेने पाहू नये. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावं, आणि ओ-रिंगांना खाद्यपदार्थांना चालणारं ग्रीस लावावं. ५ पौंड वायू म्हणजे मोकळा झाल्यावर १२०० लिटरच्या आसपास. २०० लिटरची पेटी त्याने सहा वेळा भरेल. हा वायू हवेहून जड, म्हणून पेटीच्या तळाशी साचतो. सिलिंडर एका रात्रीत रिकामा झालेला दिसला तर झाकण उघडून, खोलीची दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबावं, डोकं आत घालून गळती शोधायला जाऊ नये. बंद तळघरात तर वायू दाखवणारा अलार्मच लावलेला चांगला.

केग संपला की नळी क्षारीय द्रावणाने धुवायची, मग आम्लाच्या निर्जंतुकाने. नळ सुटा करून घासायचा. यात कंटाळा केला की बिअर आंबट लागते, एवढंच सांगणं पुरे.

मुलांसाठी एक नळ सोड्याला द्यायची पद्धत अमेरिकेत रूढ आहे, आणि मराठी घरात त्याच सोड्यात कोकमाचं आगळ घालता येतं. पण सोड्याला तीसेक पीएसआय लागतात, म्हणजे त्याच्यासाठी वेगळा रेग्युलेटर आणि बिअरपेक्षा बरीच लांब नळी. आगळ केगमध्ये घालू नये, ग्लासातच घालावं: एकदा सरबत नळीतून गेलं की त्याचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो, धुऊन जात नाही, आणि त्या नळीतून पुढे बिअर सोडता येत नाही.