डिग्री : एक शब्द, अनेक पायऱ्या

"काय हो सर, रेडिओवाले खोटं सांगतात का?" शेजारच्या काकूंनी मला एकदा विचारले. मे महिना होता. घामाच्या धारा लागल्या होत्या आणि आकाशवाणीवर रत्नागिरीचे कमाल तापमान ३३ अंश सांगितले होते. काकूंचा नातू तापाने फणफणला होता. डॉक्टरांनी ताप १०२ डिग्री असल्याचे सांगितले होते. "पोराचं अंग एकशे दोन आणि एवढ्या उकाड्याची हवा नुसती तेहेतीस?"

विद्यार्थी मित्रांनो, काकूंची शंका हसण्यावारी नेऊ नका. या 'डिग्री' शब्दाने भल्याभल्यांना चकवले आहे. कॉलेजातून मिळते ती डिग्री. कोनमापकावर असते ती डिग्री. इंग्रजीच्या तासाला 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' करताना बदलतो तीही डिग्री. बीजगणितात बहुपदीतील सर्वांत मोठा घातांक ३ असला, तर तिची डिग्रीही ३ !

या सर्वांना एकच नाव का पडले? लॅटिन भाषेत 'ग्रॅडस' म्हणजे पाऊल किंवा पायरी. त्यावरूनच डिग्री, ग्रेड आणि ग्रॅज्युएट हे शब्द आले. म्हणजे डिग्री ही मुळात एक पायरी आहे : विद्येची, उष्णतेची, कोनाची, तुलनेची.

मराठीने मात्र प्रत्येकीला वेगळे नाव दिले. कॉलेजची ती पदवी, बहुपदीची ती कोटी, कोनाचा व तापमानाचा तो अंश. गंमत पाहा, 'पदवी'तही 'पद' म्हणजे पाऊल आहेच! 'अंश' म्हणजे भाग. आपल्या ज्योतिर्विदांनी वर्तुळाच्या १२ राशी केल्या, प्रत्येक राशीचे ३० अंश, अंशाच्या ६० कला आणि कलेच्या ६० विकला. बारा गुणिले तीस, तीनशेसाठ!

आता काकूंच्या प्रश्नाकडे वळू. पायरी म्हटली की दोन गोष्टी विचारायच्या. पायरी केवढी? आणि जिना सुरू कोठून होतो? फॅरनहाइटच्या मापात पाणी ३२ अंशांवर गोठते व २१२ अंशांवर उकळते. मध्ये १८० पायऱ्या. सेल्सिअसच्या मापात तेवढ्याच अंतरात १०० पायऱ्या. डॉक्टरांचा आकडा फॅरनहाइटचा आणि रेडिओचा सेल्सिअसचा. नातवाचा ताप सेल्सिअसमध्ये सुमारे ३९ अंश, तर हवेचे ३३ अंश म्हणजे फॅरनहाइटमध्ये सुमारे ९१. दोघेही खरेच सांगत होते.

मग ४० अंश सेल्सिअसचे पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा दुप्पट गरम का? मुळीच नाही! सेल्सिअसचे शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. ते पाण्याच्या गोठणबिंदूवर आपण मांडलेले शून्य आहे. निरपेक्ष शून्यापासून मोजले तर ही तापमाने सुमारे २९३ आणि ३१३ केल्व्हिन येतात. दुप्पट कुठली, फक्त सात टक्क्यांचा फरक! या मापात १९६७ सालापासून 'अंश केल्व्हिन' न म्हणता नुसते 'केल्व्हिन' म्हणायचे असे ठरले आहे.

कोनाच्या अंशातील चूक तर जिवावर बेतू शकते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. समजा, गुहागरसमोर समुद्रात एका मच्छीमार नौकेचे इंजिन बंद पडले. नौका १७ अंश ३० कलांवर आहे. तांडेलाने बिनतारी यंत्रावर "सतरा तीस" एवढेच सांगितले आणि किनाऱ्यावर कोणी ते १७.३० असे दशांशात लिहून घेतले, तर? ३० कला म्हणजे अर्धा अंश. खरा आकडा १७.५० हवा. फरक ०.२ अंशाचा, म्हणजे २२ किलोमीटरचा! नौका गुहागरसमोर आणि मदत निघाली जयगडसमोर. पावसाळी हवेत एवढे अंतर थोडे नव्हे. म्हणून आकड्याबरोबर अंश आणि कला हे शब्दही बोलायलाच हवेत.

शेवटी एक प्रयोग सांगतो. निरभ्र रात्री उत्तरेकडे तोंड करून हात पूर्ण ताठ पुढे धरा व मूठ आवळा. मुठीची रुंदी डोळ्याशी सुमारे १० अंशांचा कोन करते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत ध्रुवताऱ्यापर्यंत मोजा. रत्नागिरीत पावणेदोन मुठी भरतील, म्हणजे सुमारे १७ अंश. हाच रत्नागिरीचा अक्षांश! तुमच्या गावी किती मुठी भरतात ते मोजा आणि नकाशाशी ताडून पाहा.

आणि हो, काकूंचा नातू चार दिवसांत खडखडीत बरा झाला. आता मी कधी "आज पस्तीस डिग्री" म्हटले, की काकू लगेच विचारतात, "कोणाची हो सर, डॉक्टरांची की रेडिओची?"