दोरांना टांगलेलं यान

चीनच्या चांद्रमोहिमेबद्दल लिहायचं ठरलं, तेव्हा रॉकेटापासून सुरुवात करणार होतो. पण हुआइलाईची चित्रफीत पाहिली आणि तिथेच अडकलो. ६ ऑगस्ट २०२५ रोजी हबै प्रांतातल्या या चाचणीतळावर 'लान्यूए' हे माणसांना चंद्रावर उतरवणारं यान उतरवलं गेलं आणि पुन्हा उचललं गेलं. उंच मनोऱ्यावरून सोडलेले दोर यानाचा बराचसा भार तोलून धरतात, म्हणजे इंजिनांच्या वाट्याला चंद्रावर येईल तेवढंच वजन येतं. खालच्या जमिनीवर चंद्राच्या मातीसारखा प्रकाश परतवणारा लेप, त्यावर दगड आणि खड्डे. इतकी बारकाईची तयारी पाहून मन भरून येतं.

१९९२ साली चीनच्या मानवी अवकाश कार्यक्रमाला मंजुरी, २००३ मध्ये पहिला चिनी अवकाशवीर यांग लिवेई, २०२२ अखेर तीन खंडांचं तिआनगोंग अवकाश स्थानक. आता २०३० च्या आत चंद्र. वनछांगहून दोन लाँग मार्च-१० रॉकेटं उडतील, एकावर लान्यूए, दुसऱ्यावर माणसांना घेऊन 'मंगचौ'. चंद्राभोवती दोन्ही यानं जोडली जातील आणि दोघे जण लान्यूएत शिरतील. अशी जोडणी चीनच्या छांग-अ ५ या चांद्रयानाने २०२० मध्ये माणसांविना करून दाखवली आहे.

मला खिळवून ठेवलं ते लान्यूएच्या उतरण्याच्या पद्धतीने. वेग कमी करण्याचं मुख्य काम करणारा खंड जमिनीच्या थोडं वर असतानाच गळून पडतो, पुढचं अंतर यान स्वतःच्या इंजिनांवर कापतं. अपोलोने उतरण्याचा भाग चंद्रावरच सोडला होता, वर यायला वेगळं इंजिन होतं. इथे ज्या इंजिनांनी उतरायचं, त्यांनीच परत उडायचं.

काळजी इथेच वाटते, कारण परतीचं यान बिघडू शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिआनगोंगला जोडलेल्या शन्चौ-२० या यानाच्या खिडकीला तडे गेलेले आढळले. अवकाशातल्या कचऱ्याचा बारीक तुकडा आदळला असावा. त्यातून गेलेले तिघे अवकाशवीर १४ तारखेला शन्चौ-२१ मधून सुखरूप परतले आणि २५ तारखेला त्याच्या जागी शन्चौ-२२ माणसांविनाच वर गेलं. एक यान उडालं की दुसरं तळावर सज्ज ठेवायचं, ही शिस्त कामी आली. चंद्रावर उभ्या असलेल्या दोघांसाठी मात्र असं दुसरं यान या आराखड्यात नाही. धूळ, उन्हाची भाजणी, सावलीतला गारठा सोसून तीच इंजिनं पुन्हा पेटायला हवीत, तीही दोरांच्या आधाराविना. २०३० टळलं तरी चालेल, पण माणसं बसण्याआधी लान्यूए एकदा रिकामं उतरून परत उडालेलं मला पाहायचं आहे.