वाळूचा खर्ज

अंधेरीला वीरा देसाई रस्त्याच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, एका ओळखीच्या तरुणाची संकलनाची खोली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने मला तिथे बोलावून घेतले. जैसलमेरजवळच्या सम भागात ड्रोनवरून टिपलेल्या दृश्यांची त्याला दहा मिनिटांची फिल्म करायची होती. निवेदन नाही, माणसे नाहीत, नुसती वाळू आणि सोबत शास्त्रीय संगीत. असल्या फिल्म आता हॉटेलांच्या लॉबीत, दवाखान्यांत, घरच्या टीव्हीवरही तासन्‌तास चालतात. त्याचा प्रश्न साधा होता : "सर, वाळवंटाचा राग कोणता?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. पावसाला मेघ आणि मल्हाराचे प्रकार आहेत, वसंताला बसंत, बहार, हिंदोल आहेत, भर दुपारला सारंग आहे. वाळवंटाला काय? मी विचार करत होतो तोवर त्याने संगीताच्या विकतच्या संग्रहात 'डेझर्ट' हा शब्द टाकलासुद्धा. पहिल्या आठ-दहा तुकड्यांत बहुतेक ठिकाणी एकच वाद्य रडत होते : दुदुक.

दुदुक हे आर्मेनियाचे वाद्य, जर्दाळूच्या लाकडाचे. आर्मेनिया हा डोंगरांचा, बर्फाचा देश. त्याचे वाद्य वाळूला चिकटले ते सिनेमामुळे. 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' या चित्रपटासाठी पीटर गॅब्रिएलने ते वापरले, २००० सालच्या 'ग्लॅडिएटर'मध्ये जिवान गास्पार्यान यांचे दुदुक वाजले आणि त्यानंतर वाळू दिसली की दुदुक असा रिवाजच पडला. म्हणजे वाळवंटाचा आवाज म्हणून आपण जे ऐकतो ते बऱ्याचदा वाळवंटातून आलेलेच नसते. कुणीतरी ते तिथे नेऊन ठेवलेले असते. ही नेऊन ठेवण्याची गोष्ट सिनेमापेक्षा जुनी आहे, आणि तिच्यात आपल्या कानांना एक गंमत सापडते.

फेलिसियाँ दाविद नावाचा फ्रेंच संगीतकार तरुणपणी इजिप्तमध्ये राहून आला होता. १८४४ साली पॅरिसमध्ये त्याने 'ल देझेर' ही रचना सादर केली : वाद्यवृंद, पुरुषांचा गायकवृंद, एक एकल गायक आणि एक निवेदक. तिच्या आरंभी वाळवंट कसे दाखवले आहे? तंतुवाद्यांवर एकच स्वर लांबच लांब धरून ठेवला आहे, हलत नाही, संपत नाही. पुढे १८८० साली रशियाच्या बोरोदिनने मध्य आशियातल्या गवताळ मैदानावर वाद्यवृंदाची रचना केली, तिथेही व्हायोलिनांवर वरच्या पट्टीत एक स्वर सतत ताणलेला आहे आणि त्याखालून काफिला येतो आणि जातो. युरोपीय कानाला संगीत म्हणजे स्वरसंवादांची हालचाल. स्वर हललाच नाही तर तिथे काही घडत नाही, तिथे कुणी नाही, ती जागा रिकामी. म्हणून रिकामी जमीन म्हणजे न हलणारा स्वर.

आता हाच न हलणारा स्वर आपल्याकडे काय असतो? तानपुरा. मैफल सुरू होण्याआधी गायक डोळे मिटून तो ऐकतो. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यातून छेडलेल्या स्वराखेरीज इतरही स्वर उमटतात, खर्जाच्या तारेतून तर गंधार आपोआप ऐकू येतो, हे कुठल्याही शिकाऊ विद्यार्थ्याला ठाऊक असते. आपल्याकडे तो स्वर म्हणजे रिकामी जागा नव्हे. सगळा राग त्याच्यात आधीच भरलेला आहे. दाविदने ज्या खुणेने शून्य सांगितले, त्याच खुणेने आपण भरलेपण सांगतो. वाळूवर शास्त्रीय संगीत लावताना हा घोटाळा होतो. तानपुरा लावायचा आपला, पण त्याचा अर्थ घ्यायचा पॅरिसचा : बघा, किती रिकामे, किती शांत!

निसर्गपटात संगीताने केलेली लबाडी सगळ्यात ठळक दिसते ती वॉल्ट डिस्नेच्या १९५३ सालच्या 'द लिव्हिंग डेझर्ट'मध्ये. जेम्स अल्गर दिग्दर्शक, पॉल स्मिथ संगीतकार. अमेरिकेतल्या वाळवंटातले प्राणी दाखवणाऱ्या या लांबलचक माहितीपटाला ऑस्करही मिळाले. त्यात नर आणि मादी विंचू एकमेकांच्या नांग्या धरून पुढे-मागे सरकतात. प्रत्यक्षात नर मादीला अशा जागी नेऊ पाहत असतो जिथे त्याला वीर्याची कुपी जमिनीवर ठेवता येईल. ते मोठे जिकिरीचे काम आहे. पडद्यावर मात्र फिडलच्या तालावर, नाच पुकारणाऱ्याच्या आरोळ्यांसह, विंचवांचा गावठी नाच होतो. प्रेक्षक हसले. काही समीक्षक त्याच वेळी चिडलेही. माझ्या मते चिडणे रास्त होते, पण डिस्नेच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी : त्याने वाळवंट रिकामे दाखवले नाही. नावातच 'लिव्हिंग' होते, आणि गांधीलमाशी, कोळी, साप, ससाणा यांनी पडदा गजबजलेला होता. आजच्या शांत, सुंदर, निवेदनमुक्त फिल्ममध्ये एक मुंगीसुद्धा नसते.

आपल्याकडचा या जातीचा सगळ्यात चांगला नमुना मुंबईतच तयार झाला. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे थिएटरांना सक्तीचे होते. माझ्या पिढीने ते समोसा खात, कंटाळत पाहिले. भारदस्त आवाजातले निवेदन हा त्यांचा शिक्का. साठच्या दशकात जाँ भावनगरींनी तिथे प्रयोगांना वाव दिला, आणि सुखदेव यांनी 'इंडिया ६७' केला : तासाभराच्या आतबाहेरचा, देशभर फिरणारा आणि निवेदनाचा एकही शब्द नसलेला. संगीत होते विजय राघव राव यांचे. हे पंडित रविशंकरांचे शिष्य, बासरीवादक, आणि फिल्म्स डिव्हिजनच्या असंख्य लघुपटांचे संगीतकार.

या लघुपटावर सत्यजित राय यांनी लिहिले आहे. श्रीमंती-गरिबी, जुने-नवे असे त्यातले मोठमोठे विरोध त्यांना तितके भावले नाहीत. त्यांना आवडले ते तपशील : तापलेल्या वाळूवरून चालत जाणारा काळा भुंगेरा, उभ्या सायकलवर पाय वर करणारे कुत्रे, आणि धुळीने माखलेल्या वादकाच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा घामाचा थेंब. रायांचा डोळा कुठे थांबला पाहा. वाळूत त्यांना विस्तार दिसला नाही, भुंगेरा दिसला. आणि संगीत त्यांना आकाशातून पडणारे वाटले नाही. ज्याला घाम येतो अशा माणसाच्या हातातून ते निघत होते. वाळवंट आणि संगीत यांची जोडी जमवायची तर याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

वाळवंटातला घाम येणारा वादक काय गातो? जैसलमेर-बाडमेरचे लंगा आणि मांगणियार पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जन्म-लग्नाला गात आले. कमायचा हे मांगणियारांचे गजाने वाजवायचे वाद्य, त्याच्या पोटावर बकऱ्याचे कातडे मढवलेले असते. कोमल कोठारी यांनी बोरुंद्याच्या रूपायन संस्थानातून त्यांची गाणी जमवली. या गाण्यांत शून्यता, विराट मौन वगैरे सापडत नाही. पाऊस, परदेशी गेलेला नवरा, सासर आणि पक्षी सापडतात. 'कुरजां' हे गाणे कुरजा पक्ष्याला निरोप्या करते. कुरजा म्हणजे आपला कांड्या करकोचा. मध्य आशियातून हजारोंच्या थव्यांनी तो हिवाळ्यात फलोदीजवळच्या खिचन गावी उतरतो. ज्याला आपण ओसाड म्हणतो तिथे ते पक्षी पोट भरायला येतात.

मांड हा राग याच भूमीतून शास्त्रीय दरबारात आला. सगळे शुद्ध स्वर, पण चाल वाकडी, नागमोडी. बिकानेरच्या अल्लाह जिलाई बाईंनी (१९०२–१९९२) 'केसरिया बालम' अजरामर केले. आपल्या मराठी घरातून हृदयनाथ मंगेशकरांनी 'लेकिन'मध्ये त्याच मांडेला हात घातला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तेव्हा त्या तरुणाच्या प्रश्नाचे एक उत्तर 'मांड' असे देता आले असते. पण मांड ही पाहुण्याला घरी बोलावणारी धून आहे. माणूस नसलेल्या ड्रोनदृश्यावर ती लावली तर बोलावणार कोण आणि कुणाला?

मणी कौल यांनी ही अडचण ओळखली असावी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या या दिग्दर्शकाने १९७३ साली बोरुंद्याच्या विजयदान देथांच्या कथेवर 'दुविधा' केला, तेव्हा संगीत त्याच मुलखातल्या लोकगायकांचे घेतले. 'ध्रुपद' हा त्यांचा माहितीपट १९८२चा. चेंबूरला राहणारे रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर आणि त्यांचे धाकटे बंधू, गायक झिया फरिदुद्दीन डागर, यांच्यावरचा. त्याच्या शेवटी कॅमेरा मुंबईच्या दाटीवाटीच्या छपरांवरून सरकत राहतो. आलापासारखे संथ संगीत त्यांनी गजबजलेल्या शहरावर ठेवले, मोकळ्या वाळूवर नाही.

झिया मोहिउद्दीन डागरांनी आपली वीणा मोठी करून घेतली होती, खर्जासाठी. हा खर्ज मला वाळूपाशी परत नेतो, कारण काही वाळवंटे खरोखरच गातात. कॅलिफोर्निया, मोरोक्को, चीन इथल्या काही टेकड्यांवरून कोरडी, एकसारख्या कणांची वाळू घसरली की घुमल्यासारखा आवाज येतो. मार्को पोलोने लोपच्या वाळवंटात भुतांचे ढोल ऐकू येतात असे लिहून ठेवले, ते बहुधा हेच. घसरणारे लाखो कण एका लयीत हलू लागतात आणि साधारण ७० ते १०५ हर्ट्झचा स्वर निघतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. म्हणजे वाळू बोलते ती तानपुऱ्याच्या तळाच्या तारेपासून थोडे वर. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर तत्त्वज्ञान रचू नये. पण दाविदला रिकामा वाटलेला लांब स्वर वाळूच्या पोटातही आहे, आणि तो निघतो तो कणांच्या धावपळीतून.

थरमध्ये आणखी एक खर्ज आहे. माळढोक नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. तो आवाज जवळजवळ अर्धा किलोमीटर जातो. महाराष्ट्रात काही भागांत या पक्ष्याचे नावच त्या आवाजावरून 'हूम' असे पडले आहे. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९चे, आणि आज तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. आता त्याची मुख्य भिस्त जैसलमेरवर आहे, आणि तिथे तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. पवन आणि सौर ऊर्जेचे प्रकल्प तिथे गेले, कारण ती जमीन 'पडीक' होती. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात वाळवंटाच्या वाळूला स्वतंत्र रकाना आहे. माळरानांचे आपल्याकडेही तेच झाले. जमीन रिकामी आहे हे आधी कुणीतरी दाखवावे लागते, मग तिथे काहीही उभारता येते. दहा मिनिटांच्या फिल्मने हे घडले असा माझा आरोप नाही. पण तिची नजर त्या नकाशाचीच आहे : वरून पाहणारी.

म्हणून अंधेरीच्या त्या खोलीत मी तरुणाकडे मूळ आवाज मागितला. "सर, ड्रोनला माइक नसतो," तो म्हणाला. साठच्या दशकातले लघुपटही बहुतांशी असेच मूक चित्रित व्हायचे आणि आवाज मागाहून मुंबईत चढवला जायचा, हे मी त्याला सांगितले. त्याला ते आवडले. मग त्याने शोधाशोध केली. जमिनीवरच्या कॅमेऱ्यातून टिपलेला चाळीसएक सेकंदांचा तुकडा सापडला. आम्ही हेडफोन आळीपाळीने लावून ऐकला : वारा, उंटाच्या गळ्यातली घंटा, जीपचा हॉर्न, आणि मागे कुठल्याशा तंबूंच्या कॅम्पमधला डीजे.

"हे कसे ठेवणार?" त्याने विचारले. ठेवावे, असे मी म्हटले, निदान वारा आणि घंटा. त्याने मान हलवली, तुकडा पुसला आणि तानपुरा लावला. पट्टी काळी एक.