नेतृत्व शिकवायचं कसं? शहाद्याचा एक धडा

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, तुमच्या शाळेत काय होतं? मुलांच्या गळ्यात पानांच्या माळा, गालांवर रंग आणि भाषण मात्र आपलं. मीही हेच करत आले.

शहाद्याच्या चळवळीबद्दल वाचलं आणि चूक कळली. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. तिथल्या भिल्लांच्या जमिनी हातातून गेल्या होत्या. कितीतरी जण दुसऱ्याच्या शेतात सालदार म्हणून राबत. अंबरसिंग सुरतवंती हा त्यांच्यातलाच तरुण पुढे झाला. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गावोगाव तरुण मंडळं निघाली, शिबिरं झाली. जमीन, मजुरी, कायदा यांवर आदिवासी पोरं स्वतः बोलू लागली. बायका तर दारूच्या अड्ड्यांवर चालून गेल्या! बिल्ला लावून मॉनिटर करतो आपण, तसं हे नव्हतं. काम खरं होतं, जोखीमही खरी.

याच चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे. त्यांची ‘स्टेज’ ही कविता जरूर वाचा. मंचावर बसलेले लोक आदिवासींचं दुःख त्यांनाच सांगतात, त्यांना वर कोणी बोलावत नाही, हे तिचं म्हणणं.

माझ्या पुण्यातल्या वर्गात आंबेगावकडची महादेव कोळी मुलं आहेत. यंदा त्या दिवशीचा परिपाठ त्यांच्याकडेच दिला. एक जण तीन वाक्यं बोलून अडला. मी पुढचं सांगायला उठले, आणि परत खाली बसले.